मझारनी डोकरी

१

शिरगणतीचं काम काय असतं, हे ज्याच्या धोतराला कुत्र्यानं तोंड लावलेलं नाही त्यानं बोलूच नये, असं चुडामण गुरुजींचं ठाम मत होतं. एक्कावन्न सालचा फेब्रुवारी. सकाळी शाळा, आणि शाळा सुटली की खांद्याला पिशवी, पिशवीत छापील चिठ्ठ्यांचा गठ्ठा, एका हातात गेरूचा डबा आणि दुसऱ्या हातात कुंचला. दारावर आकडा रंगवायचा, ओट्यावर टेकायचं आणि सुरू करायचं: नाव काय, वय काय, लग्न झालंय का, धंदा काय. लोकही एकेक नग. एका पठ्ठ्यानं आधी बैलांची नावं सांगितली, मग पोरांची, आणि बायकोचं नाव सांगायची वेळ आली तेव्हा लाजून गोठ्यात जाऊन बसला.

गुरुजी मूळचे यावलकडचे, केळीच्या मुलखातले. नोकरी मात्र पश्चिम खानदेशात, शिरपूरच्याही पुढं. बायको कुंदाबाई घरी, सासऱ्याबरोबर बाग सांभाळत. दिवाळीचे आठ दिवस आणि उन्हाळ्याची सुट्टी, एवढाच काय तो संसार. मागच्या दिवाळीला ताट वाढता वाढता ती म्हणाली होती, "तुमी नवरा नाही, पाव्हने हायत. पाव्हन्याले मी किती वर्षं पाट मांडू?" गुरुजी वरवर हसले, पण तो घास काही खाली उतरला नाही. तेव्हापासून एकच ध्यास: बदली. काय वाटेल ते होवो, कुंदेच्या हातची भाकरी रोज खायची.

माणूस तसा हुशार. कॉपी करणारं पोर ते नुसत्या पाठीवरून ओळखत. खोड एकच. आपण भ्यालो हे त्यांच्या तोंडून मरेतो निघायचं नाही. एकदा वर्गात साप निघाला तेव्हा गुरुजी टेबलावर चढले आणि वरून ओरडले, "मी इथून लक्ष ठेवतो, तुम्ही हाणा!"

२

शिरपूरच्या कचेरीत शिरगणतीचं टेबल होतं अव्वल कारकून नूर महंमद यांच्याकडं. सज्जन माणूस, पण नजर अशी की समोरच्याला आपला सदरा उलटा घातलाय की काय असं वाटावं.

"मास्तर, एक भानगड शिल्लक आहे," ते म्हणाले. "आसलपूर बुद्रुक आणि आसलपूर खुर्द यांच्या मधोमध टेकाडावर अकरा घरं आहेत. मधली वस्ती म्हणतात. बुद्रुकचा पाटील म्हणतो ती खुर्दाची, खुर्दाचा म्हणतो बुद्रुकची. एकतीस साली दोघांनीही मोजली, एक्केचाळीस साली दोघांनीही सोडली. म्हणजे वस्ती एकदा दुप्पट झाली आणि एकदा गायब."

"दोघंही नको का म्हणतात?"

"ते विचारलं तर दोघंही चहा मागवतात." नूर महंमदांनी पानाचा डबा उघडला. "आता ऐका. शंभर डोकी भरली तर तिथं शाळा द्यायची असं साहेबांच्या मनात आहे. लोकांना ते कळलंय. त्यामुळं आकडा फुगवणार. पाहुणे घुसवतील, मेलेली माणसं सांगतील. एकही खोटं डोकं मला नको. तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघून मोजा. काम चोख झालं तर तुमच्या बदलीचा अर्ज मी हातानं साहेबांपुढं ठेवतो. आणि खोटं निघालं..." त्यांनी डबा फटकन मिटला. "तर तो अर्ज माझ्या टेबलाखालून कधीच वर यायचा नाही."

गुरुजी उड्या मारतच बाहेर पडले. अकरा घरं! अर्ध्या दिवसाचं काम!

३

मधल्या वस्तीवर गुरुजी पोचले तेव्हा उन्हं चांगली चढली होती. मातीची अकरा घरं, मधे निंब, निंबाला पार. वस्तीवर कुत्रं एकही नव्हतं. गुरुजींना आधी त्याचा आनंदच झाला. कुत्र्याशिवायची वस्ती त्यांनी आजवर पाहिली नव्हती, हे नंतर त्यांच्या ध्यानात आलं.

"या गुरुजी, या! इतला वरीसमा आज सरकार उनं!" वस्तीचे म्होरके उखर्डू आबा हात जोडून पुढं आले. वाळक्या शेंगेसारखा म्हातारा, पण आवाज खणखणीत. त्यांच्या बायकोनं, बेबाबाईनं, गूळपाणी आणलं. गुरुजींनी दारावर ऐटीत एकचा आकडा रंगवला आणि बसले.

"घरात माणसं किती?"

"आठ जन," आबा म्हणाले. "आन एक मझार शे."

तीन वर्षं या बाजूला काढल्यामुळं मझार म्हणजे आत, एवढं गुरुजींना माहीत होतं. "मझार कोण?"

"डोकरी शे."

आणि तेवढ्यात आतल्या खोलीतून म्हातारी खोकली. आधी दोन आखूड, मग एक लांब, रहाट ओढल्यासारखा, आणि शेवटी बरं वाटल्यासारखा सोडलेला 'हं'. खोकला ऐकून गुरुजींनी नवी चिठ्ठी काढली.

"म्हातारीचं नाव?"

"डोकरीले काय नाव व्हस?"

"वय तरी?"

आबांनी आढ्याकडं पाहिलं. "मना बाप सांगे, तो धाकला व्हता तवय बी ती इतलीच व्हती."

"असं कसं आबा? बरं, लग्न झालंय?"

"ते मी कसं सांगू? तुम्हीच विचारा ना."

"तुमची कोण ती? आई? आत्या?"

"कोनी नई. घरनी शे."

"धंदा काय करते?"

यावर मात्र आबांना उत्तर सुचलं. "खोकस," ते म्हणाले.

गुरुजींनी कपाळाला हात लावला. नाव ठाऊक नाही, वय अंदाजे ऐंशी, विधवा असावी, नातं आश्रित, धंदा काही नाही. सरकारी रकाना मोकळा सोडायचा नसतो.

दुसरं घर लोटनचं. "सात जन," लोटन म्हणाला, "आन एक मझार शे." आतून म्हातारी खोकली. दोन आखूड, एक लांब, आणि 'हं'. तिसऱ्या घरी सांगायच्या आधीच गुरुजींनी विचारलं, "मझार?" "शे ना," घरची बाई कौतुकानं म्हणाली. या गुरुजींना बरंच कळतं, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

४

पाचव्या घराच्या ओट्यावर गुरुजींच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि ते एवढ्यांदा हसले की कडेवरचं पोर रडायला लागलं.

अरे, खोकला एकच! आणि म्हातारीही एकच! गुरुजी इथं ओट्यावर नाव-गाव विचारत बसले की तिकडं मागच्या दारानं म्हातारी पुढच्या घरात. वा रे पठ्ठे! वर्गात एकच पाटी बाकाखालून अकरा पोरांकडं फिरते, तोच प्रकार. हिशोबही जुळत होता. आबांनी बोटांवर मोजून दिलेली वस्तीतल्या चालत्याबोलत्या माणसांची बेरीज शंभराला आठ कमी पडत होती. आतल्या म्हाताऱ्या धरल्या की शंभराच्या वर!

मग गुरुजींना जोरच चढला. आता हे उघडकीला आणायचं आणि नूर महंमदांपुढं ताठ मानेनं उभं राहायचं. यावलचं तिकीट खिशातच असल्यासारखं त्यांना वाटू लागलं. लघवीचं निमित्त करून त्यांनी वस्तीला वळसा घातला, मागची दारं बघायला.

मागं दारं नव्हती. एकाही घराला नव्हतं. अखंड मातीची भिंत, आणि आतल्या खोलीला साधा झरोकाही नाही. दोन घरांमधे बैलगाडी जाईल एवढी बोळ. म्हातारी जायची तर पुढच्याच दारानं, गुरुजींच्या मांडीवरूनच जायला हवी होती.

बोळीत उभं असताना गुरुजींनी हात टेकला, तो सहाव्या घराच्या भिंतीला. भिंतीपलीकडं कुणीतरी बोटानं माती हळूहळू खरवडत होतं. गुरुजींचा हात जिथं होता, बरोबर तिथं. त्यांनी हात वीतभर सरकवला. खरवडणंही सरकलं.

"घूस असेल," गुरुजी मोठ्यानं म्हणाले. तिथं ऐकायला कुणीच नव्हतं, तरीही म्हणाले.

५

उरलेल्या घरांवर आकडे टाकून होईस्तोवर गुरुजींनी डाव रचला. पारावर उभे राहिले आणि घरोघरच्या कर्त्यांना बाहेर बोलावलं. सगळी वस्ती भोवती जमली, बायकापोरांसकट.

"मंडळी," गुरुजी म्हणाले, "सरकारला तुमच्या म्हाताऱ्यांची काळजी आहे. त्यांचा खोकला तपासायचाय. मी हात वर करतो. तो खाली आला की अकरा घरांतल्या अकरा म्हाताऱ्यांनी एकाच वेळी खोकायचं. एकाच वेळी! जा, आत जाऊन सांगा तसं."

एकही माणूस हलला नाही.

"जा की!"

"सांगाले नको," उखर्डू आबा शांतपणे म्हणाले. "ती ऐकी ऱ्हायनी."

गुरुजींनी हात वर केला. मनात म्हणाले, आता बघतोच. एका घरात खोकेल, दहा घरं गप्प. मग ह्या आबाचं तोंड कसं होतं ते बघायचं. डोक्यावर ऊन रणरणत होतं, निंबाचं पान हलत नव्हतं. पोरंसुद्धा श्वास रोखून उभी होती. गुरुजींनी हात खाली आणला.

अकरा घरं एकदम खोकली.

दोन आखूड. एक लांब. एकाचा सूर पुढं नाही, एकाचा मागं नाही. गुरुजींनी आयुष्यभर पोरांकडून पाढे म्हणवून घेतले होते, दोन पोरं कधी एका सुरात म्हणत नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि मग सगळीकडून, चारी बाजूंनी, बरं वाटल्यासारखा तो 'हं'.

वस्तीनं टाळ्या वाजवल्या. बेबाबाईच्या डोळ्यांत तर कौतुकानं पाणी आलं. गुरुजींच्या तोंडचं पाणी मात्र पार पळालं होतं.

"आबा," ते कसेबसे म्हणाले, "एक खरं सांगा. ह्या अकरा म्हाताऱ्या आहेत की एक आहे?"

आबांना प्रश्नच कळला नाही. "घरं कितला शेत, गुरुजी?"

"अकरा."

"मंग?"

६

आता एकच मार्ग उरला. नूर महंमदांनी बजावलं होतं, स्वतःच्या डोळ्यांनी बघा. गुरुजी तरातरा एक नंबरच्या घरात शिरले. "मला बघायची आहे," ते म्हणाले.

"देखा ना," बेबाबाई म्हणाली. "वहाना काढी ठेवा फक्त."

चुलीवर तवा होता. तव्यावरची पहिली भाकरी तिनं ताटलीत घेतली, आतल्या दाराच्या उंबऱ्यावर ठेवली, पायानं आत लोटली आणि हात झटकून पुन्हा चुलीपाशी बसली. तिनं आत पाहिलंसुद्धा नाही. गुरं दावणीला बांधावी तितक्या सवयीनं तिनं ते केलं.

आतलं दार ठेंगणं होतं. गुरुजी वाकले. आत काळोख, राखेचा आणि लसणाचा वास. आत म्हातारी आहे, ते मनाशी म्हणाले. म्हातारी म्हणजे काय, माणूसच. दमेकरी माणूस. खोकणार नाही तर काय गाणार? सगळ्या दमेकऱ्यांचा खोकला सारखाच असतो. आणि घरं जवळजवळ आहेत, आवाज घुमतो. घुमतो म्हणजे घुमतोच.

भाकरी मोडल्याचा आवाज झाला. मग तो थांबला. कुणीतरी खाता खाता थांबलं होतं, अगदी जवळ, हात लांबवला तर लागेल इतकं. गुरुजींनी श्वास धरला. आतलाही श्वास थांबला. गुरुजींनी सोडला. आतलाही सुटला.

गुरुजींनी पाय उचलला. आत टाकायलाच उचलला होता, त्याबद्दल शंका नको. पण तो पडला मागं. मग दुसराही मागं पडला, आणि पाठ कशाला तरी लागली म्हणून वळून बघतात तो सगळी वस्ती दारात उभी.

"देखी का?" आबांनी विचारलं.

इतकी माणसं. बाया, पोरं. गुरुजींनी पदवीदान समारंभातल्यासारखी छाती काढली.

"पाहिली की! त्यात न पाहण्यासारखं काय आहे?"

उखर्डू आबांनी डोक्याचं पागोटं उतरवलं आणि वाकून गुरुजींच्या पायांना हात लावला.

"आम्हीन कोनीच नई देखी तिले," आबा म्हणाले. "मना बापनी नई, आजानी नई. तुम्हीच पहिला."

शब्द तोंडातून गेला होता, तो काही परत येत नाही. त्यातून बेबाबाईनं पुढं येऊन विचारलं, "कशी शे ती? लुगडं कसानं शे?"

"हिरवं," गुरुजी म्हणाले. कुठला रंग सुचला तो सांगितला.

"हिरवं!" वस्ती एका तोंडानं हळहळली. इतकी वर्षं आपण विचारलंसुद्धा नाही, असा सगळ्यांच्या जिवाला चटका लागला.

उरलेल्या दहा घरांतही मग बघणं आलंच. गुरुजी दरेक ठिकाणी मान आत घालत, डोळे घट्ट मिटून घेत, मनात दहा आकडे म्हणत आणि बाहेर येऊन सांगत, "आहे." दहाही वेळा, डोळे मिटल्यावर, गालाला वारा लागला. ऊन, ऊन वारा. बिनझरोक्याच्या खोलीत वारा कुठून येतो याचा विचार गुरुजींनी शिरपूर गाठेपर्यंत केला नाही.

७

नूर महंमदांनी चिठ्ठ्या चाळल्या. एक बाजूला काढली, दुसरी काढली, अकरा काढल्या.

"मास्तर, अकरा घरं आणि अकरा म्हाताऱ्या? सगळ्या ऐंशीच्या? नाव एकीलाही नाही?"

"अडाणी वस्ती आहे साहेब."

"तुम्ही ह्यांना स्वतः पाहिलंत?"

खरं सांगायला हीच वेळ होती. खरं सांगितलं की पुढचा प्रश्न येणार, का नाही पाहिलंत? त्याचं उत्तर एकच होतं आणि ते गुरुजींच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. आणि टेबलाखालचा तो अर्ज. कुंदा पाट मांडतेय, पाव्हण्याला.

"पाहिल्या," ते म्हणाले. "अकराही."

नूर महंमदांनी अकराही चिठ्ठ्या पुन्हा गठ्ठ्यात घातल्या. मग त्यांनी शिक्का मारला. "तुमच्यासारखा चोख माणूस नाही मास्तर. अर्ज पुढं गेला समजा."

पुढं काय झालं, तर सरकार कधी नव्हे ते झपाट्यानं हललं. पावसाळा सरता सरता मधल्या वस्तीवर शाळेच्या भिंती उभ्या राहिल्या. शिरपूरच्या बाजारात एका कापडवाल्याकडची हिरवी लुगडी एका दिवसात खपली, एकगठ्ठा अकरा. आणि दिवाळीआधी गुरुजींच्या नावानं लखोटा आला. गुरुजींनी आधी सगळ्या शाळेला पेढे वाटले, मग लखोटा फोडला.

बदली झाली होती. मधल्या वस्तीच्या नव्या शाळेवर.

गुरुजी तसेच कचेरीत धावले. नूर महंमद आनंदानं उठून उभे राहिले. "अहो, वस्तीच्या सगळ्यांचे अंगठे आहेत अर्जावर! आम्हाला तेच गुरुजी पाहिजेत, दुसरे नकोत. एवढा मान कुणाला मिळतो? आणि तुम्हाला बायकोजवळ राहायचं होतं ना? शाळेच्या मागं राहायला खोली काढलीय. आणा त्यांना इकडं."

नको म्हटलं की पुन्हा तोच प्रश्न, का नको?

८

कुंदाबाई आली ती हरखूनच गेली. सासऱ्यांनी बाग पुतण्याकडं सोपवली होती. "आता कसं घर वाटते," ती म्हणाली आणि पहिल्याच सकाळी चूल सारवली. गुरुजींनाही धीर आला. घर नवं, चुन्याचा वास अजून गेलेला नाही. इथं कुठली आली म्हातारी? म्हाताऱ्या जुन्या घरांत असतात. आणि खरोखरच आठवडाभर कसलाही आवाज झाला नाही. रोज दोन वेळा कुंदेच्या हातची गरम भाकरी. गुरुजींच्या अंगावर थोडं मांसही चढलं.

एकच गोष्ट त्यांना खटकत होती. कागदावर एक खोली होती. बांधून झाल्या होत्या दोन. स्वैपाकाच्या मागं आणखी एक ठेंगणं दार, पलीकडं काळोख. गवंड्याला विचारलं तर तो म्हणाला, "या वस्तीवर आधी ती बांधतात, मग घर." गुरुजींनी तिथं सरपण ठेवायचं ठरवलं आणि सरपण अंगणातच ठेवलं.

त्या दिवशी दुपारची सुट्टी झाली. गुरुजी हात धुऊन पाटावर बसले. बाहेर पोरांचा गलका चालू होता. कुंदाबाईनं भाकरी वाढली आणि गुरुजींनी ती पाहिली. तव्यावरची दुसरी भाकरी होती. पहिलीच्या वेळी तवा पुरता तापलेला नसतो, ती बसकी राहते; ही टम्म फुगली होती.

"पहिली कुठंय?"

"म्हातारीले देली," कुंदाबाई म्हणाली. "बेबाबाई सांगून गेली ना, पयली तिची असते. सकाळपासून खोकून राह्यली बिचारी. तुमी शाळेत होते."

गुरुजींच्या हातातला घास ताटात पडला.

"काहून? काय झालं?" कुंदाबाई चुलीपुढून वळली. "अवो, तुमीच तर पाह्यली तिले. सारी वस्ती मले सांगते, आमच्यातल्या कोनाची छाती नाही, पन तुमच्या मालकानं अकराही पाह्यल्या. मले इतकं बरं वाटलं! तीन वर्षं एकटी राह्यली मी, रातच्याले कडी वाजली तरी जीव उडून जाये. आता म्हटलं, आपला मानूस जवळ हाये, आन भीती त्याले ठाऊक नाही." ती हसली. लग्नात हसली होती तशी. "तेवढी ताटली आना बरं आतून. मी नाही जात, मले भेव वाटते."

किती सहज म्हणाली ती. मले भेव वाटते. गुरुजींनी आपल्या बायकोकडं पाहिलं, तिच्या भाजलेल्या बोटांकडं, कपाळावर आलेल्या घामाकडं. हिच्यापायीच सगळं केलं होतं. ते उठले.

दार ठेंगणं होतं. गुरुजी वाकले आणि या वेळी पाय आत पडला. दुसराही पडला. नव्या चुन्याचा वास उंबऱ्याशीच संपला. आत राख आणि लसूण. बाहेरचा गलका एकदम लांब गेला, नदीपलीकडच्या गावातून यावा तसा. डोळे हळूहळू सरावले. ताटली खाली होती, पुसल्यासारखी स्वच्छ. तिच्या पलीकडं भिंतीकडं तोंड करून कुणीतरी बसलं होतं. पाठ दिसत होती. लहान, पोरीएवढी पाठ, आणि मानेवर विरळ केसांची गाठ. इतकंच. गुरुजी ताटलीकडं हात नेता नेता थबकले, कारण ती पाठ हलली. वळली नाही. जमिनीवर घासत, बसल्या बसल्या, ती थोडी बाजूला सरकली. भिंतीशी आणखी एका माणसाला बसता येईल एवढी जागा झाली.

"अवो," बाहेरून कुंदाबाईचा आवाज आला, "इतका येळ? भेले तर नाही ना?"

"छे!" गुरुजी म्हणाले. "भ्यायचं काय त्यात?"

आणि एवढं म्हटल्यावर लगेच बाहेर कसं यायचं? गुरुजी खाली बसले.